हळदू / कळंब १ : वनस्पती उद्यानाच्या फेरनोंदणीच्या प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२५

विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातील संग्रहाच्या फेरनोंदणीचे काम आजपासून हाती घेतले. उद्यान यवतमाळ जिल्ह्यात आहे. त्याचा अर्धा भाग एके काळी कपाशी पिकणाऱ्या काळ्या वावरात आणि उरलेला अर्धा त्याला लागून असलेल्या मुरमाड टेकाडावर आहे. दिसायला बाग झकास आहे, आणि लग्नाआधीचे फोटो काढून घेण्यासाठी शहरातून जोडपी येतात, यावरून तिची ख्याती कळावी. परंतु वनस्पती उद्यान आणि बगीचा यांत जो फरक असतो, तो फुलांचा नसून कागदाचा असतो. हे झाड कोणत्या जातीचे, ते कोठून आले, कधी आले, बी रानातून गोळा केले की रोप विकत आणले, या प्रश्नांची उत्तरे लेखी असतील तरच त्या झाडाला संग्रह म्हणता येते; नसतील तर ती केवळ सावली.

आपल्याकडे असा कागद एकच आहे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची ती कापडी बांधणीची नोंदवही भांडाराच्या खालच्या फळीवर सापडली, आणि तिच्या डाव्या कडेचा व प्रत्येक पानाच्या वरच्या भागाचा फडशा वाळवीने पाडला आहे. रकान्यांचे मथळे त्यातच गेले. उरलेला मजकूर निळ्या शाईत, एकाच हाताने लिहिलेला आणि सुवाच्य आहे, हे नशीब.

१४ फेब्रुवारी २०२५

नव्या नोंदीची पद्धत ठरली. एकाच जातीची, एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी आणलेली सर्व रोपे मिळून एक प्राप्ती क्रमांक. त्यातील प्रत्येक झाडाला त्या क्रमांकापुढे अ, ब, क. झाड मेले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. मोकळा झालेला क्रमांक पुन्हा वापरण्याचा मोह सहायकांना फार होतो, म्हणून हा नियम भिंतीवर लावला आहे.

उगमाचे चार प्रकार आंतरराष्ट्रीय प्रघाताप्रमाणे ठेवले : रानातून थेट आणलेले ते वन्य, वन्य झाडाच्या बियांपासून बागेत वाढवलेले ते वन्यवंशज, बागेतीलच झाडांपासून आलेले ते उद्यानज, आणि ज्याचा पत्ता लागत नाही ते अज्ञात. एका विद्यार्थिनीने विचारले की सालई, धावडा, टेंभुर्णी ही तर इथल्याच जंगलातली झाडे, मग त्यांना सरसकट वन्य म्हणायला काय हरकत आहे? हरकत अशी की जात स्थानिक असणे आणि ते विशिष्ट झाड स्थानिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथल्या धावड्याचे बी परप्रांतातील रोपवाटिकेतून आलेले असू शकते, आणि उद्या कोणी त्याचे बी घेऊन इथल्या उजाड टेकडीवर वनीकरण केले, तर आपल्या एका खोट्या शब्दामुळे परके बी स्थानिक म्हणून रानात जाईल. अज्ञात लिहिणे लाजिरवाणे वाटते, पण ते खोटे नसते.

पाट्यांबाबत : खिळा ठोकून लावलेल्या पाट्या काढून टाकायच्या. खोड जाड होत जाते तसा खिळा आणि पाटी दोन्ही सालीत गिळली जातात. बेहड्याच्या एका झाडात फक्त "बेह" एवढेच बाहेर उरले आहे. यापुढे ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठशांनी क्रमांक उठवून ती सैल तारेने फांदीला बांधायची.

३ मार्च २०२५

जुन्या नोंदवहीच्या एका पानाने दिवस खाल्ला. त्या पानावरील मजकूर जसाच्या तसा उतरवतो :

८४. बिजा / बिबळा २
८५. ऐन / सादडा ३
८६. मोई / राळेगाव १
८७. हळदू / कळंब १
८८. धावडा / घाटंजी २
९१. कळंब १

(८९ आणि ९० वाळवीच्या पोटात.)

अडचण ही की लिहिणाऱ्याने तिरकी रेघ दोन कामांसाठी वापरली आहे. बिजा आणि बिबळा ही एकाच झाडाची दोन नावे. ऐन आणि सादडा यांचेही तेच. पण राळेगाव आणि घाटंजी ही आपल्या जिल्ह्यातील तालुक्याची गावे आहेत, त्यामुळे तेथे रेघेनंतर उगमस्थान लिहिलेले आहे. मग हळदूपुढचे कळंब काय? कळंब हे यवतमाळ-वर्धा रस्त्यावरचे, चिंतामणीच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे गाव आहे, आणि कळंब हे हळदूच्याच कुळातल्या, त्याच्यासारखीच चेंडूसारखी फुले येणाऱ्या एका झाडाचेही नाव आहे. लिहिणाऱ्याला हळदूचेच दुसरे नाव कळंब असे वाटले असेल, तर ते झाड कोणते याचीच शंका आली. गाव अभिप्रेत असेल, तर उगम मिळाला.

प्रत्यक्ष ८७ क्रमांकाच्या झाडावरील पाटीने गोंधळ आणखी वाढवला आहे. त्यावर "कदंब, निओलामार्किया कदंबा" असे लिहिले आहे. पाटी रंगवणाऱ्याने कळंब वाचून, हा शब्द अशुद्ध आहे असे समजून, त्याला शुद्ध केले असावे. त्याच पाटीच्या भरवशावर दर गोकुळाष्टमीला या झाडाखाली बासरीवाल्या कृष्णाची सजावट होते. ब्रजभूमीतला कृष्णाचा कदंब म्हणजे कळंबच असावा असे मानणारे अभ्यासक आहेत, त्यामुळे सजावट करणाऱ्यांना पूर्ण दोष देववत नाही.

झाड आज निष्पर्ण आहे. खालचा पालापाचोळा पाहून निदान अंदाज बांधता आला असता. पण साफसफाईवाल्यांनी तो काल संध्याकाळीच गोळा करून पेटवला. यापुढे ओळख पटलेली नसलेल्या झाडांखालचा पाला उचलायचा नाही, अशी सूचना दिली. पालवीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

९१ क्रमांकाच्या जागी, पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला, फक्त बुंधा आहे. वाट रुंद करताना कंत्राटदाराच्या माणसांनी झाड तोडले. पाटी आधीच पडलेली असल्याने त्यांना कोणी अडवले नाही.

१२ मार्च २०२५

सालईची कलमे लावली. पाच वर्षांपूर्वी लावलेल्या पाच सालईंपैकी तीन मेल्या होत्या, आणि त्या तिन्ही काळ्या मातीच्या भागातल्या होत्या, हे नकाशावर टिंबे टाकल्यावर एका दृष्टिक्षेपात दिसले. सालई हे खडकाळ उतारावरचे झाड. काळ्या मातीतील चिकणमातीचा प्रकार असा आहे की ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते; पावसाळ्यात मुळांना हवा मिळत नाही, आणि उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडून बारीक मुळे अक्षरशः तुटतात. पऱ्हाटीला हीच जमीन मानवते, कारण तिचा संसार एका हंगामाचा असतो.

म्हणून टेकाडावरचा मुरूम आणून कमरेएवढा उंच ओटा केला, त्यात दगड मिसळले, आणि पाने झडलेल्या सालईच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या छाटून त्यांचे तुकडे रोवले. छाटल्याजागी डिंकाचे थेंब लगेच गोठले आणि हाताला दिवसभर धुपासारखा वास राहिला. ज्या झाडांच्या फांद्या घेतल्या त्यांचे प्राप्ती क्रमांक कलमांच्या पट्ट्यांवर उठवले आहेत.

१७ एप्रिल २०२५

ऊन वाढले. पाणी पहाटे साडेपाचला आणि दिवेलागणीनंतरच द्यायचे. रोपवाटिकेवर हिरव्या जाळीचा दुसरा थर घातला.

दुपारी बाहेर काम अशक्य, म्हणून नावांचे काम. बाभूळ आणि हिवर या दोघांच्या शास्त्रीय नावात अकेशिया होते. २००५च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातील जातींच्या गटाकडे ठेवण्याचे ठरले आणि २०११ला मेलबर्न येथे तो निर्णय कायम राहिला. आपल्या बाभळीला आणि हिवराला तेव्हापासून व्हॅकेलिया म्हणायचे, आणि खैराला सेनेगॅलिया. या बदलावर इथल्या प्राध्यापकांचा राग अद्याप गेलेला नाही. माझे मत असे की पाटीवर नवे नाव आणि नोंदवहीत जुने-नवे दोन्ही असावे. मराठी नाव मात्र पाटीवर सर्वांत मोठ्या अक्षरात, कारण ज्या गुराख्याने आपल्याला हिवर दाखवला त्याला तो वाचता आला पाहिजे.

२८ मे २०२५

८७ला पालवी फुटली. कोवळी पाने तांबूस, लवदार, देठाशी खोल खाच असलेली आणि स्पष्टपणे हृदयाच्या आकाराची आहेत. हळदूच्या शास्त्रीय नावातील कॉर्डिफोलिया या पदाचा अर्थ हाच. कदंब तर निकालात निघालाच. कळंबाची पाने लंबगोल ते गोलसर असतात, देठाशी अशी खाच नसते. तरीही पडताळणीचा वरचा दर्जा फुलाशिवाय द्यायचा नाही असे आपणच ठरवले असल्यामुळे, रकान्यात पेन्सिलीने "बहुधा हळदू" एवढेच लिहिले.

२४ जून २०२५

मोहाच्या बियांच्या बाबतीत आपल्या हातून मोठी चूक झाली. पांढरकवड्याकडील एका कोलाम पोडावरून (आदिवासी वस्तीवरून), ग्रामसभेची लेखी संमती घेऊन, सात जुन्या मोहांची टोळी (म्हणजे बिया) वेगवेगळ्या पिशव्यांत आणली होती. प्रत्येक झाडाची जागा, आळीतले त्याचे नाव आणि कोणाच्या वहिवाटीत आहे हे लिहून घेतले होते, कारण पोडावरच्या लोकांना प्रत्येक मोह वेगळा ओळखू येतो : एकाची फुले गोड, एकाची जाड, एक लवकर झडणारा. एवढे सगळे नीट केल्यावर त्या पिशव्या रोपवाटिकेत आल्या, आणि बाहव्याच्या बिया वाळवण्याची सवय झालेल्या मुलांनी त्या गच्चीवर उन्हात पसरल्या.

बाहव्याची बी कडक कवचाची. ती वाळवून वर्षानुवर्षे ठेवली तरी चालते, उलट तिला रुजवण्यासाठी गरम पाण्यात भिजवावे लागते. मोहाची बी तशी नाही. तिच्यातला ओलावा कमी झाला की अंकुर मरतो, त्यामुळे ती साठवणीची बी नव्हे, पडली की पेरायची बी आहे. चार दिवसांच्या उन्हानंतर फोडून पाहिलेल्या वीस बियांपैकी अठरांचा गर पिवळट पडून सुरकुतला होता. बीजपेढीत ठेवता येतील अशा जाती आणि ठेवता न येणाऱ्या जाती यांच्या वेगळ्या याद्या रोपवाटिकेत लावायला हव्या होत्या. ते माझे काम होते आणि ते राहिले.

उद्या पुन्हा पोडावर जाणार. ज्या बाईंनी मागच्या वेळी झाडे दाखवली त्यांना काय सांगायचे, याचा विचार करतो आहे.

२७ जून २०२५

त्या हसल्या. "उनात टाकली? मंग त्याचं तेल काहाडा," एवढेच म्हणाल्या. या वेळी पाच झाडांची टोळी मिळाली. दोन झाडांखालची संपली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली आणि त्याच संध्याकाळी शेणखत, माती आणि वाळू भरलेल्या पिशव्यांत पेरली.

११ जुलै २०२५

८७ फुलावर आले. शिडी लावून सहायकाने एक डहाळी उतरवली. पानांच्या बगलेतून निघालेल्या बारीक दांड्यांवर पिवळ्या रंगाचे, बोराएवढे चेंडू. भिंगाखाली एकेक फूल वेगळे होते : चेंडू म्हणजे एक फूल नसून शेकडो नळीदार फुलांची दाटी, आणि प्रत्येक नळीतून बाहेर आलेला कुक्षिवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) गुंडीसारख्या गोल टोकाचा. कळंबात हे टोक उंच टोपीसारखे असते. त्याच्या मिट्राजायना या नावाचा उगम बिशपच्या टोपीत आहे. शिवाय कळंबाचे चेंडू फांदीच्या टोकाला येतात आणि पांढरट असतात. आता शंका उरली नाही. पेन्सिलीवर शाई फिरवली : हळदू, हाल्डिना कॉर्डिफोलिया, काही ग्रंथांत हेच झाड अडायना म्हणून सापडते, तेही लिहिले.

गंमत अशी की हळदू, कळंब आणि कदंब या तिघांनाही वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने मुळात नॉक्लिया या एकाच वंशात घातले होते. कोलकात्याजवळच्या शिवपूरचे वनस्पती उद्यान १७८७ला कर्नल रॉबर्ट किडने उभे केले आणि १७९३पासून रॉक्सबर्ग त्याचा प्रमुख झाला. आपल्या पाटी रंगवणाऱ्याला एवढ्या थोर माणसाची सोबत आहे.

हळदू निश्चित झाल्यामुळे रेघेनंतरचे कळंब म्हणजे गाव असण्याची शक्यता वाढली, पण चुकीने लिहिलेले दुसरे नाव असण्याची शक्यता संपली नाही.

१४ जुलै २०२५

उत्तर व्याकरणाने दिले. निवृत्त माळीकाकांना आज मुद्दाम बोलावले होते. उद्यानाच्या पहिल्या वर्षापासून ते येथे होते. वऱ्हाडी बोलीत ळ चा य होतो, त्यामुळे गाव असो वा झाड, काकांच्या तोंडी दोन्ही "कयंब"च. म्हणून त्यांच्याकडून काही निष्पन्न होईल अशी आशा नव्हती. मी फक्त विचारले, काका, हे कोणते झाड?

ते म्हणाले, "हे कयंबचं हयदू व्हय जी."

कयंबचं, कयंबाचं नव्हे. कळंब, नागपूर अशा गावांच्या नावांचे मराठीत सहसा सामान्यरूप होत नाही, आपण नागपूरचा संत्रा म्हणतो, नागपुराचा म्हणत नाही. झाडाच्या नावाचे मात्र होते, आंब्याचे पान, पळसाचे फूल. काकांनी नकळत गाव आणि झाड यांची वाटणी करून दिली होती. आनंद फार वेळ टिकला नाही, कारण ते पुढे म्हणाले, "तितल्या नर्सरीतून आनले होते चार रोपं. एकच जगलं." म्हणजे गाव कळंब हे खरे, पण झाड रानातून आलेले नाही, आणि त्या रोपवाटिकेत बी कोठून आले होते हे कोणालाच माहीत असण्याचे कारण नाही. चार महिने ज्याच्या मागे लागलो त्या झाडापुढे शेवटी लिहिले : उगम अज्ञात, कळंब येथील रोपवाटिकेतून आणलेले रोप, तोंडी माहिती, १४ जुलै २०२५.

५ ऑगस्ट २०२५

हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून ठेवलेल्या वनस्पतींच्या, नमुन्यांवर बुरशी. झडीच्या आठ दिवसांत टीपकागद रोज बदलायला हवे होते, ते दोन दिवसांनी बदलले गेले. हळदूची फुलोऱ्याची डहाळी वाचली. चार नमुने फेकले. पूर्वीसारखे मर्क्युरिक क्लोराइडमध्ये नमुने बुडवायचे नाहीत, ते किडीइतकेच माणसालाही विष आहे. वाळलेले नमुने पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि मग ४२ बाय २८ सेंटीमीटरच्या कागदावर शिवायचे.

२१ ऑगस्ट २०२५

उद्या पोळा. आज बैलांच्या खांदशेकणीसाठी मजुरांनी आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी पळसाची पाने मागितली. नोंदलेल्या पळसांना हात न लावता कुंपणाबाहेरच्या झाडांची तोडू दिली. काम दुपारी थांबवले.

१६ सप्टेंबर २०२५

९१च्या बुंध्याला धुमारे फुटले आहेत. तोडलेल्या कडेने सात, त्यातील सर्वांत उंच गुडघ्याच्या वर. समोरासमोर पाने, लंबगोल, देठाशी खाच नाही, आणि दोन पानांच्या मधोमध उभी असलेली पानासारखी रुंद, कोवळी उपपर्णे (देठाच्या बुडाशी येणारी छोटी पाने), जी बोटाने दाबली की लगेच गळून पडतात. ही कळंबाची खूण. येथे नोंदवहीतला शब्द झाडाचाच होता.

माळीकाका याच वाटेने दूध घालायला जातात. त्यांना थांबवून बुंधा दाखवला.

"ते का? ते कयंबाचं. ते म्याच आनलं होतं, मांगच्या नाल्यातून, फडक्यात बांधून. सायबानं सांगतलं होतं का नाल्याकडचं येखादं झाड आना म्हनून."

काकांसह नाल्यावर गेलो. उद्यानाच्या मागच्या कुंपणापासून फार तर दीडशे पावले. काळ्या, चिकट, पावसाळाभर पाणी धरून ठेवणाऱ्या त्या काठावर, जेथे सालई एक वर्ष टिकणार नाही, तेथे कळंबाची दोन मोठी झाडे उभी आहेत, आणि एकाच्या ढोलीत पोपटांची ये-जा होती. काकांनी धाकट्याकडे बोट दाखवले, मग हात मागे घेतला आणि म्हणाले की त्याच्या बुडाशी रोपं असत, पण नेमके कोणत्या झाडाचे ते, हे आता सांगता येणार नाही. तेही तसेच लिहून घेतले.

दोन्ही झाडांचे नमुने घेतले. बुंध्याभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले, टाकीकडची वाट दोन हात बाजूला सरकवण्याचे पत्र दिले, आणि धुमाऱ्यांपैकी तीन ठेवून बाकीचे छाटले. पट्टीवर ठशांनी उठवले : ९१-अ. कळंब. मिट्राजायना पार्विफोलिया. वन्य.